डास मोजणाऱ्यांच्या वाटेवर: खान्देशातून वैद्यकीय कीटकशास्त्राकडे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना मैत्रिणीच्या वडिलांना भेटायला मी जिल्हा हिवताप कार्यालयात गेले होते. तिथल्या एका दारावर ‘जीवशास्त्रज्ञ’ अशी पाटी होती. प्राणिशास्त्र घेतले की पुढे बी.एड. किंवा प्राध्यापकी एवढेच मला चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात ठाऊक होते. त्या दारामागे बसलेली व्यक्ती काय करते, हे कळायला मला पुढची तीन वर्षे लागली, कारण कुणाला विचारायचे हेच माहीत नव्हते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या ज्या विद्यार्थ्यांना कीटकांमुळे पसरणाऱ्या रोगांवर काम करायचे आहे, त्यांची ही तीन वर्षे वाचावीत म्हणून हा लेख लिहीत आहे.

१. आधी कामाचे स्वरूप समजून घ्या

कीटकशास्त्र म्हटले की खान्देशात लोकांच्या डोळ्यांसमोर कापसावरची बोंडअळी येते. ते शेतीचे कीटकशास्त्र झाले. त्याची वाट कृषी महाविद्यालयातून जाते आणि त्याच्या स्पर्धा परीक्षाही वेगळ्या असतात. आपला विषय माणसाचे रक्त पिणाऱ्या आणि त्याबरोबर रोग पोहोचवणाऱ्या जीवांचा आहे. हिवताप, डेंगी, चिकुनगुनिया, हत्तीरोग, जपानी मेंदूज्वर आणि काळा आजार हे सहा रोग राष्ट्रीय कीटकजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमाखाली येतात. यांपैकी काळा आजार वालुमाशीमुळे आणि बाकीचे पाच डासांमुळे पसरतात. चंदीपुरा विषाणूचा संबंधही वालुमाशीशी आहे. हा विषाणू १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चंदीपुरा गावातल्या रुग्णांच्या रक्तात प्रथम सापडला आणि त्याला त्या गावाचेच नाव मिळाले. गोचिडींमुळे होणारा क्यासनूर जंगल ताप आणि चिगर माइट या अतिसूक्ष्म किड्याच्या अळीमुळे होणारा स्क्रब टायफस हेही याच विषयाचे भाग आहेत.

रोग कोणत्या जातीच्या कीटकामुळे पसरतो, ती जात कुठे अंडी घालते, कुठे विसावते, कोणाला चावते आणि कोणत्या कीटकनाशकाला दाद देते, एवढ्या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत देणे हे या जीवशास्त्रज्ञाचे काम असते. रुग्णावर उपचार करणे हे डॉक्टरांचे काम आहे. ही सीमा सुरुवातीलाच लक्षात घेतलेली बरी, कारण गावात गेल्यावर लोक तुम्हाला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणू लागतात आणि गोळ्या मागतात. गोळ्या देऊ नका. त्यांची गाठ आशाताईंशी घालून द्या.

२. पदवी आणि एम.एस्सी.

बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घ्यावे आणि जोडीला रसायनशास्त्र ठेवावे, कारण कीटकनाशकांची मात्रा आणि द्रावणांची टक्केवारी पुढे रोजच्या कामात येते. एम.एस्सी. प्राणिशास्त्र कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेतच करता येते. मात्र प्रवेश घेताना विशेषीकरण म्हणून कीटकशास्त्र उपलब्ध आहे का, हे विभागात जाऊन विचारा. अनेक पदांच्या जाहिरातींत ‘प्राणिशास्त्र, कीटकशास्त्र विशेषीकरणासह’ अशी अट असते. गुणपत्रिकेवर तो शब्द नसेल तर मुलाखतीच्या दारातून परत यावे लागते.

दुसरा पर्याय पुद्दुचेरीचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे वाहक नियंत्रण संशोधन केंद्र तिथे १९७५ पासून आहे आणि सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्राचा दोन वर्षांचा एम.एस्सी. अभ्यासक्रम तिथे चालतो. या विषयाला इतका नेमका वाहिलेला दुसरा अभ्यासक्रम देशात क्वचितच सापडेल. घरच्यांना पटवणे हाच त्यातला अवघड भाग. ‘डास मोजायला एवढ्या लांब जायचे?’ हा माझ्या आईचा प्रश्न होता, आणि त्या वेळी माझ्याकडे त्याचे चांगले उत्तर नव्हते.

विषाणूंकडे ओढा असेल तर सूक्ष्मजीवशास्त्रातून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे जाता येते. ही संस्था १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. तिथेही कीटकशास्त्राचे काम चालते, पण बहुतेक वेळ प्रयोगशाळेत जातो. मला उन्हातले काम आवडले, म्हणून मी ती वाट धरली नाही.

३. पदवी हातात येण्याआधी घराजवळ काम सुरू करा

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे. मुलाखतीत गुण सगळ्यांचे सारखेच असतात, पण ‘तुम्ही स्वतः किती घरे पाहिली आहेत?’ या प्रश्नावर निम्मे उमेदवार गप्प बसतात.

खान्देश या कामासाठी फार सोयीचा आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि म्हणून प्रत्येक घरात रांजण, माठ, पिंप, सिमेंटचा हौद आणि दाराशी कुलर असतो. डेंगी आणि चिकुनगुनिया पसरवणाऱ्या एडीस डासाला असेच स्वच्छ, साठवलेले पाणी लागते. त्याची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. जूनमध्ये नुसता रिकामा करून माळ्यावर टाकलेला कुलर पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरताच पुन्हा डास देतो तो यामुळेच. भांडे नुसते उलटे करून भागत नाही, ते आतून घासावे लागते.

आपल्याच गल्लीतली ५० घरे घ्या. आधी आशाताईंना किंवा आरोग्य सेवकांना सांगा आणि शक्य असेल तर पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबरच फिरा. प्रत्येक घरात पाणी असलेली सर्व भांडी मोजा, टॉर्चच्या प्रकाशात अळ्या शोधा आणि नोंद करा. समजा, ५० घरांपैकी १२ घरांत अळ्या सापडल्या. पाण्याची एकूण भांडी २४० होती आणि त्यांपैकी १८ भांड्यांत अळ्या होत्या. मग अळ्या असलेल्या घरांची टक्केवारी म्हणजे घर निर्देशांक २४, तशाच भांड्यांची टक्केवारी म्हणजे भांडी निर्देशांक ७.५ आणि १०० घरांमागे अळ्यांची भांडी सांगणारा ब्रेट्यू निर्देशांक ३६ येतो. हे तीन आकडे स्वतःच्या नोंदवहीतून काढता आले की हाऊस इंडेक्स, कंटेनर इंडेक्स हे शब्द पुस्तकातले राहत नाहीत. इथे नवखे हमखास एक चूक करतात: रिकामी भांडीही मोजणीत धरतात आणि भांडी निर्देशांक फसवा कमी येतो. पाणी असलेलेच भांडे मोजायचे.

पाणी ओतून द्या, असे मी एका घरी सांगितले तेव्हा तिथल्या आजी म्हणाल्या, ‘चार दिनमा एकदाव नळ येस, ताई, पानी कसं फेकू?’ त्यांचे बरोबर होते. त्या दिवसापासून मी पाणी फेकायला सांगत नाही. पाणी दुसऱ्या भांड्यात जुन्या लुगड्यातून गाळून घ्यायला, रांजण घासायला आणि वर घट्ट फडके बांधायला सांगते. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडता येतात, पण पिण्याच्या पाण्यात मासे अनेकांना चालत नाहीत. तिथे आग्रह धरू नये.

हिवतापाच्या ॲनोफिलीस डासासाठी भांड्यांच्या पलीकडे जावे लागते. पावसाळ्यानंतर गिरणा आणि पांझरेच्या पात्रात प्रवाह तुटून जी डबकी उरतात, ती ॲनोफिलीस क्युलिसिफेसिस या आपल्याकडच्या मुख्य ग्रामीण वाहकाला, म्हणजे रोग पोहोचवणाऱ्या जातीला, मानवतात. सातपुड्यातले संथ झरे ॲनोफिलीस फ्लुविएटिलिसला, तर शहरातल्या टाक्या आणि विहिरी ॲनोफिलीस स्टीफेन्सीला. पांढऱ्या पळीने पाणी काठाकाठाने अलगद उचला. ॲनोफिलीसची अळी पृष्ठभागाला समांतर पडून राहते, कारण तिला शेपटीकडे श्वास घेण्याची लांब नळी नसते. एडीस आणि हत्तीरोग पसरवणाऱ्या क्युलेक्सच्या अळ्या ही नळी वर करून डोके खाली लोंबकळत राहतात. एवढा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो आणि पाहुण्यांना दाखवून वाहवाही मिळवता येते.

प्रौढ डास पकडण्यासाठी पहाटे उठावे लागते. सहा ते आठच्या दरम्यान घरात आणि गोठ्यात विसावलेले डास टॉर्च आणि शोषनळीने टिपतात. धाब्याच्या घरात कडीपाटाच्या सांध्यांत, टांगलेल्या कपड्यांमागे आणि कणगीच्या अंधाऱ्या बाजूला ते सापडतात. एका माणसाने चार ठिकाणी प्रत्येकी १५ मिनिटे शोधून २० डास मिळाले, तर त्या गावाची माणशी ताशी घनता २० झाली. वेळ घड्याळ लावून मोजा. ‘अंदाजे पाऊण तास’ अशी नोंद कुणाच्याच उपयोगाची नसते.

सुरुवातीला लागणारे साहित्य थोडे आहे:
- चांगली टॉर्च आणि जादा सेल
- काचेची शोषनळी, रबरी नळी आणि तोंडाशी मधे बसवण्याची बारीक जाळी (ती विसरलात तर डास थेट घशात जातो, अनुभवाने सांगते)
- परीक्षानळ्या, कापूस आणि पांढरी पळी
- ७० टक्के अल्कोहोल आणि झाकणाच्या छोट्या कुप्या
- २० पट मोठे दाखवणारे हातभिंग
- शिसपेन्सिल, जाड कागदाच्या चिठ्ठ्या आणि शिवलेली नोंदवही

शिसपेन्सिलबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी एका पावसाळ्यात अळ्यांच्या सुमारे दीडशे कुप्या जमवल्या आणि प्रत्येकीवर बाहेरून बॉलपेनने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. प्रवासात दोन कुप्यांची झाकणे सैल झाली, अल्कोहोल पाझरले आणि डबा उघडला तेव्हा बहुतेक चिठ्ठ्यांवर निळसर डागांखेरीज काही उरले नव्हते. अळ्या उत्तम स्थितीत होत्या, पण कुठली कुठल्या गावची, हे सांगता येत नव्हते. चार महिन्यांचे काम फेकावे लागले. तेव्हापासून चिठ्ठी शिसपेन्सिलने लिहून कुपीच्या आत, अल्कोहोलमध्येच टाकते. गाव, पाडा, घर क्रमांक, भांड्याचा किंवा पाण्याचा प्रकार, तारीख, वेळ आणि पकडणाऱ्याचे नाव अशा सात गोष्टी त्या चिठ्ठीवर असल्याच पाहिजेत.

४. सातपुड्यात जाण्याआधी

नंदुरबारचे धडगाव, अक्कलकुवा किंवा जळगावचा यावल-चोपड्याचा वरचा भाग इथे काम करायचे असेल, तर आधी तीन परवानग्या घ्याव्या लागतात: प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना पत्र, ग्रामपंचायतीची संमती आणि जंगलात नमुने घ्यायचे असल्यास वन विभागाची लेखी परवानगी. यावल आणि अनेर धरण ही अभयारण्ये आहेत. तिथे विनापरवाना डासही पकडता येत नाही. माणसाच्या अंगावर बसणारे डास पकडण्याची पद्धत वापरायची असेल, तर नैतिक समितीच्या मंजुरीशिवाय त्या वाटेला जाऊच नये.

पावरी किंवा भिली येणारा स्थानिक सोबती घ्या आणि त्याला मोबदला द्या. मुलींनी रात्रीच्या कामासाठी आरोग्य केंद्राच्या आवारात मुक्कामाची सोय आधी पक्की करावी आणि आशाताईंच्या पाड्यापासून सुरुवात करावी. मी असेच केले आणि कधी अडचण आली नाही.

फवारणीचा अभ्यास करणाऱ्यांनी पाड्याचे पंचांग समजून घ्यावे. भिंतीवर फवारलेले औषध भिंत तशीच राहिली तर काम करते. होळीआधी, भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत, घरे सारवली जातात आणि कुडाच्या भिंतीवरचे औषध शेणामातीखाली जाते. दिवाळीनंतर गुजरातकडे मजुरीला गेलेली कुटुंबे होळीच्या सुमारास परततात. त्यांच्याबरोबर हिवतापाचे परजीवी येऊ शकतात, म्हणून परतलेल्यांचे रक्तनमुने लवकर घेतले जाणे महत्त्वाचे असते. या दोन गोष्टी माझ्या कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हत्या.

कीटकनाशकाची परिणामकारकता तपासण्याची जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत मात्र जरूर शिकून घ्या. औषध लावलेल्या कागदाच्या नळीत २० ते २५ मादी डास एक तास ठेवतात आणि २४ तासांनी मेलेले मोजतात. ९८ टक्के किंवा अधिक मेले तर डास त्या औषधाला बळी पडतात. ९० टक्क्यांहून कमी मेले तर प्रतिकार निर्माण झाला आहे, असे धरतात. मधल्या आकड्यांना पुन्हा चाचणी लागते. ॲनोफिलीस क्युलिसिफेसिस अनेक भागांत डीडीटीला दाद देत नाही. कापसाच्या पट्ट्यात शेतातल्या फवारण्यांचा ताणही डासांवर पडत असतो, त्यामुळे खान्देशात या विषयावर प्रबंध करण्याजोगे पुष्कळ आहे. आणखी एक गुंता असा की, ही एकच दिसणारी जात प्रत्यक्षात ए ते ई अशा पाच भावंड-जातींचा समूह आहे आणि त्यांतली बी ही हिवतापाची कमकुवत वाहक आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्या सारख्याच दिसतात. गुणसूत्रांवरचे पट्टे किंवा पीसीआर ही डीएनए तपासणी यांशिवाय त्या ओळखता येत नाहीत.

५. नेट, सेट आणि पीएच.डी.

सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची ‘जीवनविज्ञान’ ही प्रश्नपत्रिका २०० गुणांची आणि तीन तासांची असते. पहिल्या भागात २० पैकी १५, दुसऱ्यात ५० पैकी ३५ आणि तिसऱ्यात ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे असतात. तिसऱ्या भागातला प्रत्येक प्रश्न चार गुणांचा असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. आपल्याकडची मुले सगळा अभ्यासक्रम वाचायला घेतात आणि कुठलाच पुरा करत नाहीत. परिसंस्था, उत्क्रांती, प्राणी वर्गीकरण, रोगप्रतिकारशास्त्र आणि जैवतंत्राच्या पद्धती एवढे पक्के केले तर निवडायला पुरेसे प्रश्न मिळतात.

सेट ही राज्यस्तरीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्याने महाराष्ट्रात सहायक प्राध्यापकपदाची पात्रता मिळते, पण संशोधनवृत्ती मिळत नाही. हा फरक न कळल्याने दोन वर्षे फुकट घालवलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. नेटमधून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये मिळतात. जेआरएफ हुकली तरी बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या राज्याच्या संस्थांच्या योजनांची चौकशी आपापल्या प्रवर्गानुसार करावी.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावापेक्षा त्यांच्याकडे कीटकगृह (डास पाळण्याची खोली) आहे का, गावात जायला गाडी मिळते का आणि आधीच्या विद्यार्थ्यांनी किती वर्षांत प्रबंध सादर केला, हे विचारा. शेवटचा प्रश्न त्या विद्यार्थ्यांनाच विचारा.

६. नोकरीची दारे

संशोधन संस्थांच्या प्रकल्पांत थेट मुलाखतीने पदे भरली जातात. ही पदे प्रकल्प संपला की संपतात, म्हणून प्रत्येक प्रकल्पाअखेर कामाचे स्वरूप लिहिलेले अनुभव प्रमाणपत्र घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. राज्याच्या आरोग्य विभागात हिवताप आणि हत्तीरोगाच्या यंत्रणेत कीटकशास्त्राची पदे असतात. मोठ्या महापालिकांत कीटक नियंत्रणाचे स्वतंत्र खाते असते. राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी कीटकशास्त्रज्ञ नेमले जातात. घरगुती कीटकनाशके तपासणाऱ्या खासगी प्रयोगशाळांत पगार वेळेवर मिळतो, पण तिथून क्षेत्रीय कामाकडे परतणे कठीण जाते.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेवक भरतीत हंगामी फवारणीच्या ९० दिवसांच्या अनुभवाला महत्त्व असते, आणि म्हणूनच त्याची बनावट प्रमाणपत्रे विकणारे लोकही असतात. पडताळणीत ती उघडी पडतात आणि उमेदवारावर गुन्हा दाखल होऊ शकतो. पैसे घेऊन ‘हिवतापात लावून देतो’ म्हणणाऱ्याला दाराबाहेरच उभे करावे.

७. कागदपत्रांची फाइल

- दहावी, बारावी, पदवी आणि एम.एस्सी.च्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, कीटकशास्त्राचा उल्लेख असलेल्या
- जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र
- उन्नत आणि प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र
- अधिवास प्रमाणपत्र
- मराठीबरोबर इंग्रजीतही असलेली अनुभव प्रमाणपत्रे
- क्षेत्रीय नोंदवहीच्या निवडक पानांच्या प्रती

इतर मागासवर्गीय उमेदवारांची सर्वाधिक अडचण तिसऱ्या कागदावर होते. राज्याचे नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या परीक्षेला चालत नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातले प्रमाणपत्र लागते, आणि राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असे नाही. अर्जाची मुदत सुरू होण्याच्या दोन महिने आधी सेतू केंद्रात जा.

८. स्वतःची तब्येत

गावात काम करताना पूर्ण बाह्यांचे फिकट कपडे घाला आणि मुक्कामाला औषधभारित मच्छरदाणी न्या. डास मोजणाऱ्यालाच हिवताप झाला, अशी उदाहरणे आमच्या कामात पुष्कळ आहेत. माझेही नाव त्यांत आहे. ताप आल्यास घरातली उरलेली गोळी आधी घेऊ नका, कारण अर्धवट औषधाने रक्तातले परजीवी कमी होतात आणि काचपट्टीवर दिसेनासे होतात. आधी रक्तनमुना द्या, मग औषध घ्या, आणि मागच्या १५ दिवसांत तुम्ही कोणत्या पाड्यावर मुक्कामी होता, ते तपासणाऱ्याला न विचारता सांगा. त्या पाड्यावर दुसऱ्या दिवशी कुणीतरी रक्तनमुने घ्यायला जाईल.